ज्यूरीचा कौल आणि लोकांची माया : नानावटी खटल्याच्या निमित्ताने

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपल्या भागात लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. खारेपाटातल्या बांधावरून भांडण जुंपले किंवा वाडीतल्या वाटेवरून दोन घरांत अबोला आला, की गावकीची मंडळी देवळात बसत आणि चार जाणती माणसे जे सांगतील ते उभयपक्षी मान्य होत असे. या म्हणीमागे एक खोल विश्वास आहे. एकट्या माणसाची बुद्धी चुकेल, पण पाचांच्या मुखातून जे निघेल ते न्यायाचेच असेल, असा तो विश्वास होय.

परंतु पाचांचे मुख एक सांगते आणि कायदा दुसरेच सांगतो, असा प्रसंग आला तर? पाचांना आरोपीची दया आली, त्याने केले ते योग्यच केले असे त्यांना मनापासून वाटले, आणि पुरावा मात्र त्याच्या विरुद्ध असला, तर परमेश्वर कोणाच्या मुखी आहे असे समजावे? हा प्रश्न केवळ तर्कशास्त्राच्या तासाचा नाही. मुंबईच्या न्यायालयात तो १९५९ साली प्रत्यक्ष उभा राहिला. त्या प्रसंगाचा आणि त्याच्या मागेपुढे असलेल्या विचाराचा थोडा अभ्यास करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्यूरी म्हणजे काय?

ज्यूरीची पद्धत इंग्रजांनी आपल्याकडे आणली. तिच्यात कामाची विभागणी असते. कायदा काय आहे हे न्यायाधीशाने समजावून सांगायचे, आणि प्रत्यक्षात काय घडले याचा निर्णय सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी करायचा. हे पंच वकील नसतात. त्यांनी साक्षी ऐकायच्या, न्यायाधीशांचे विवेचन ऐकायचे, बंद खोलीत आपापसांत विचार करायचा आणि ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढेच बाहेर येऊन सांगायचे. का, हे सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नसते.

या शेवटच्या गोष्टीतच सारे मर्म आहे. ज्याला कारण द्यावे लागत नाही, तो कायदा बाजूला सारूनही निर्णय देऊ शकतो. आरोपीने गुन्हा केला हे पटलेले असतानाही ‘निर्दोष’ म्हणण्याची ही जी शक्ती, तिला ज्यूरीने कायदा निष्प्रभ करणे असे म्हणता येईल. ही शक्ती कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. ती ज्यूरीच्या मौनातून आपोआप निर्माण झालेली आहे.

न नमलेले पंच

इतिहासात या शक्तीची काही तेजस्वी उदाहरणे आहेत. १६७० साली लंडनमध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकरपंथीयांवर रस्त्यात बेकायदा जमाव जमवल्याचा खटला झाला. पंच त्यांना दोषी ठरवीनात. न्यायाधीशांनी पंचांना अन्नपाण्याशिवाय कोंडून ठेवले, तरी ते बधले नाहीत. अखेर त्यांना दंड झाला. दंड न भरता तुरुंगात गेलेल्या बुशेल नावाच्या पंचाने वरच्या न्यायालयात दाद मागितली, आणि पंचांना त्यांच्या निर्णयाबद्दल शिक्षा करता येणार नाही, असा निर्णय मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी दिला. पुढे १७३५ साली न्यूयॉर्कमध्ये, गव्हर्नरवर टीका छापणाऱ्या झेंगर नावाच्या मुद्रकाला तेथील पंचांनी असेच सोडून दिले.

याहून हृद्य उदाहरण साध्या चोऱ्यांचे आहे. त्या काळी इंग्लंडात राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी केली तरी फाशीची शिक्षा होती. तेव्हा पंच चोरीच्या मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवीत! माल किती किमतीचा आहे हे सर्वांना दिसत असे. पण एका शिलिंगाच्या खोट्यामुळे एक जीव वाचत असे. कायदा निष्ठुर होता, आणि पंचांनी आपल्या परीने त्याला माणुसकी शिकवली.

आपल्याकडचा अनुभव

हे वाचून ज्यूरी म्हणजे स्वातंत्र्याची ढाल असे कोणासही वाटेल. पण आपला अनुभव काय सांगतो? १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. नऊ पंचांत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. निर्णय सहा विरुद्ध तीन असा लागला आणि लोकमान्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ सालच्या दुसऱ्या खटल्यात सात युरोपीय आणि दोन पारशी पंच होते. लोकमान्यांनी स्वतः आपली बाजू मांडली. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. २२ जुलै १९०८ रोजी कौल आला : सात विरुद्ध दोन, दोषी. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

सहाला तीन आणि सातला दोन हे आकडे बोलके आहेत. ज्यूरी ही ‘पाचामुखी परमेश्वर’ असते खरी, पण ते पाच कोण, यावर परमेश्वर कोणाच्या बाजूने बोलणार हे ठरते. बाहेर मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेचा निषेध म्हणून सहा दिवस काम बंद ठेवले. जनतेची सहानुभूती एका बाजूला होती आणि ज्यूरीची बहुसंख्या दुसऱ्या. तेव्हा ज्यूरी म्हणजे जनता, हे समीकरण मुळातच तपासून घेतले पाहिजे.

२७ एप्रिल १९५९

आता मुख्य खटल्याकडे वळू. कमांडर कावस माणेकशॉ नानावटी हे भारतीय नौदलातील अधिकारी. ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे. त्यांची पत्नी सिल्व्हिया जन्माने इंग्रज होती. त्यांना तीन मुले होती. नौदलाच्या कामानिमित्त नानावटींना दीर्घकाळ बाहेर राहावे लागे. या काळात मोटारींचा व्यापार करणाऱ्या प्रेम आहुजा या गृहस्थाशी सिल्व्हियाचे संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी तिने हे पतीजवळ कबूल केले.

त्यानंतर नानावटींनी काय केले, याकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण सारा खटला या क्रमावर उभा आहे. दुपारी दीडच्या सुमारास ते घरून निघाले. पत्नीला व मुलांना त्यांनी मेट्रो सिनेमाशी सोडले. मग ते आपल्या नौकेवर गेले आणि रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे, अशी सबब सांगून त्यांनी एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. आहुजाच्या कार्यालयात चौकशी केली; तो तेथे नव्हता. तेव्हा ते त्याच्या घरी गेले, शयनगृहात शिरले आणि दार लावून घेतले. सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील काय, असे आपण विचारले आणि त्याने अपमानकारक उत्तर दिले, असे नानावटींचे म्हणणे होते. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तीन गोळ्या सुटल्या आणि आहुजा मरण पावला. नानावटी तेथून निघून पोलिसांच्या स्वाधीन झाले. उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे ते स्वतः हजर झाले.

सत्र न्यायाधीश मेहता यांच्यापुढे नऊ पंचांच्या साहाय्याने खटला चालला. सरकारतर्फे त्रिवेदी आणि बचावासाठी कार्ल खंडालावाला हे नामवंत वकील उभे होते. मृताची बहीण मॅमी आहुजा हिच्या वतीने तरुण राम जेठमलानी सरकार पक्षाला साहाय्य करीत होते. बचाव असा होता की दोघांची झटापट झाली आणि तीत गोळ्या चुकून सुटल्या. फिर्यादी पक्षाने एक साधी गोष्ट पुढे केली. आहुजा नुकताच स्नान करून आला होता, त्याच्या अंगावर फक्त टॉवेल होता, आणि मृतदेहावर तो टॉवेल तसाच होता. इतकी झटापट झाली, तर टॉवेल जागचा हलला कसा नाही?

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी पंचांनी आठ विरुद्ध एक असा कौल दिला : निर्दोष.

बाहेरचे वारे

न्यायालयाबाहेर काय चालले होते? रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे घेतली. देशासाठी समुद्रावर असणारा रुबाबदार, सरळमार्गी अधिकारी आणि त्याच्या पाठीमागे त्याचे घर फोडणारा श्रीमंत विलासी व्यापारी, असे चित्र आठवड्यामागून आठवडे रंगवले गेले. एरवी पंचवीस पैशांना मिळणारा अंक दोन रुपयांना विकला गेला. रस्त्यावर ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ म्हणून वस्तू विकल्या गेल्या. कावसजी जहांगीर सभागृहात नानावटींच्या पाठिंब्यासाठी मोठी सभा झाली.

पंच ही याच शहरातली माणसे होती. तीच वर्तमानपत्रे त्यांच्याही घरी येत होती. तथापि येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. पंचांनी कायदा जाणूनबुजून बाजूला सारला, की अपघाताची कथा त्यांना खरोखरच पटली, की न्यायाधीशांनी कायदा नीट न समजावल्यामुळे त्यांचा गोंधळ झाला, हे कोणालाही निश्चितपणे सांगता येणार नाही. त्यांनी कारणे दिली नाहीत. तसा नियमच नव्हता. वरच्या न्यायालयाने न्यायाधीशांच्या विवेचनातही दोष दाखवले, हे विसरून चालणार नाही. म्हणून ‘ज्यूरी भावनेने वाहवली’ हे जे वाक्य आपण सहज बोलतो, ते सिद्ध झालेले सत्य नसून एक अनुमान आहे. पण पुरावा पाहता ते अनुमान दुर्बल नाही, एवढे म्हणता येईल.

कौल फिरला कसा?

इंग्लंड-अमेरिकेत ज्यूरीने ‘निर्दोष’ म्हटले की प्रकरण तेथेच संपते. आपल्याकडे मात्र १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०७ होते. सत्र न्यायाधीशाचे ज्यूरीशी पटले नाही आणि न्यायासाठी आवश्यक आहे असे त्याचे स्पष्ट मत झाले, तर त्याला सारे प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवता येत असे. म्हणजे हिंदुस्थानात ज्यूरी आणली, पण तिच्या हाती शेवटचा शब्द दिला नाही! परक्या राज्यकर्त्यांना येथील पंचांवर तेवढा विश्वास नव्हता. गंमत अशी की अविश्वासापोटी केलेले हे कलम स्वतंत्र भारतात न्यायाच्या उपयोगी पडले. न्यायाधीश मेहतांनी, कोणत्याही समंजस पंचांनी या पुराव्यावर असा कौल दिला नसता, असे मत देऊन प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले.

११ मार्च १९६० रोजी न्यायमूर्ती शेलत व नाईक यांनी नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी घटनेच्या १६१ व्या अनुच्छेदाखाली शिक्षा स्थगित केली, आणि नानावटी तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालांना असे करता येईल काय, हा नवाच वाद निर्माण झाला. सप्टेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की, अपील चालू असताना ही स्थगिती लागू राहू शकत नाही.

शेवटी २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात, तो ‘गंभीर व आकस्मिक चिथावणी’ या तत्त्वाच्या विवेचनासाठी. चिथावणीने भान हरपलेल्या माणसाने त्याच क्षणी हत्या केली, तर तो खून न ठरता कमी दर्जाचा मनुष्यवध ठरतो. न्यायालय म्हणाले की, त्याच समाजातल्या समंजस माणसाला काय वाटले असते ते पाहावे, आधीच्या घटनांनी मनाची झालेली स्थितीही विचारात घ्यावी. परंतु घाव संतापाच्या भरातच पडलेला असला पाहिजे, संताप निवून विचाराला सवड मिळाल्यावर नव्हे. दीडपासून चार वीसपर्यंत जवळजवळ तीन तास होते. सिनेमा, नौका, सबब, कार्यालय, आणि मग घर. या क्रमात भान हरपलेला माणूस दिसत नाही. बेत करणारा दिसतो.

१९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. मॅमी आहुजा यांनी त्यास आपली हरकत नसल्याचे लिहून दिले होते. याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापारी-कार्यकर्त्यालाही माफी मिळाली. पुढे नानावटी कुटुंब कॅनडाला गेले. २००३ साली नानावटी तेथेच वारले.

एक गैरसमज

नानावटी खटला हा भारतातील शेवटचा ज्यूरी खटला आणि त्याच्यामुळेच ज्यूरी बंद झाली, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ सालीच, म्हणजे गोळ्या सुटण्याच्या आधीच, ज्यूरी रद्द करावी असे सुचवले होते. दुसरीकडे, काही ठिकाणी या खटल्यानंतरही ज्यूरीपुढे खटले चालत राहिले. १ एप्रिल १९७४ रोजी नवी फौजदारी प्रक्रिया संहिता अमलात आली आणि तीत ज्यूरीला जागा उरली नाही. नानावटी खटला ज्यूरीच्या मृत्यूचे कारण नव्हे. फार तर त्या मृत्यूची लोकांना आठवणारी खूण होय.

लोकस्मृती कशी चालते याचे आणखी एक उदाहरण म्हणजे २०१६ सालचा ‘रुस्तम’ हा चित्रपट. त्यात नायकाच्या कृत्याला देशभक्तीचे अस्तर लावले आहे, आणि ज्यूरीचा ‘निर्दोष’ हाच कथेचा शेवट आहे. उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, जन्मठेप, सारे गळून गेले!

माया कोणाला मिळते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पेनला सोडणारे पंच आपल्याला वंदनीय वाटतात, एकोणचाळीस शिलिंग म्हणणारे दयाळू वाटतात. मग नानावटींना सोडणारे आठ पंच चुकले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? माझ्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक, कायदाच अन्यायाचा असणे. दुसरी, कायदा योग्य असूनही आरोपी आपल्याला आवडणे.

पहिल्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि नाग्या महादू कातकरी याच्यासह अनेक सत्याग्रही धारातीर्थी पडले. सरकारच्या कायद्याने ते गुन्हेगार होते. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो आणि दरवर्षी त्यांचे स्मरण करतो. ज्या रानावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, त्यातले लाकूड तोडणे हा अपराध ठरवणारा कायदाच तेथे आरोपी होता.

नानावटींच्या खटल्यात मात्र ‘माणसाला मारू नये’ हा कायदा कोणालाच अन्यायाचा वाटत नव्हता. तेथे सहानुभूती माणसाला होती. आणि माणसावरची माया सारखी वाटली जात नाही, हाच सारा धोका आहे. कल्पना करा की, नौदलाच्या शुभ्र गणवेशाऐवजी लंगोटी नेसलेला, आपल्या डोंगरातला एखादा कातकरी त्या पिंजऱ्यात असता. कारणही तेच, कृत्यही तेच. त्याच्यासाठी सभा भरली असती काय? दोन रुपये देऊन कोणी साप्ताहिक घेतले असते काय? या प्रश्नाचे उत्तर आपण सर्व जाणतो.

अमेरिकेतले उदाहरण याहून भयंकर आहे. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. सर्व गोऱ्या पंचांनी दोघा गोऱ्या आरोपींना तासाभरात निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी एका मासिकाला पैसे घेऊन आपले कृत्य सांगून टाकले. त्या पंचांनाही आरोपींविषयी सहानुभूतीच होती! निष्ठुर कायद्याखालून गरिबाला सोडवणारी शक्ती आणि खुन्याला पाठीशी घालणारी शक्ती, या दोन वेगळ्या शक्ती नाहीत. एकाच सुरीची ती दोन पाती आहेत.

आणखी दोन माणसे या साऱ्या गोंगाटात हरवली. एक मृत प्रेम आहुजा. त्याचे वर्तन निंद्य होते असे धरले, तरी त्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार एका माणसाच्या रिव्हॉल्व्हरला कसा मिळाला? मृताला साक्ष देता येत नाही. म्हणूनच त्याची बाजू राखण्यासाठी कायदा असतो. दुसरी सिल्व्हिया. ती न्यायालयात पतीच्या बाजूने साक्षीला उभी राहिली, पण लोकांच्या लेखी ती ‘फसलेली बायको’ एवढीच राहिली. पतीची अब्रू म्हणजे पत्नीवरची मालकी, आणि मालकीवर घाला आला तर रक्त सांडणे क्षम्य, ही जुनी समजूत त्या टाळ्यांच्या मागे होती. आजही घराण्याच्या अब्रूच्या नावाखाली मुलींचे जीव जातात आणि मारणाऱ्याविषयी गावात कुजबुजत सहानुभूती व्यक्त होते. त्यामुळे हा प्रश्न १९५९ सालात संपलेला नाही.

दयेची जागा

मग कायद्यात दयेला जागा नसावी काय? असावीच, आणि ती आहे. चिथावणीचा अपवाद ही दयाच आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम १०१ खाली तो कायम आहे. शिक्षा किती द्यावी हे ठरवताना न्यायाधीशाला आरोपीची परिस्थिती पाहता येते. त्यानंतरही राष्ट्रपती व राज्यपाल यांचा क्षमेचा अधिकार आहे. फरक एवढाच की, या दारांवर नाव लिहिलेले असते. न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात, ती वरच्या न्यायालयात तपासता येतात. दया करावी, पण ‘गुन्हा घडला’ हे सत्य खोडून नव्हे.

या संदर्भात आपल्या पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबा भाव्यांची आठवण होते. नानावटींना उच्च न्यायालयाने शिक्षा दिली त्याच वर्षी, मे १९६० मध्ये, चंबळच्या खोऱ्यात काही दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. विनोबांनी त्यांना जवळ केले. पण पुढे त्यांच्यावर रीतसर खटले चालले. अपराध्याला माणूस म्हणून जवळ करणे आणि त्याचा अपराध झालाच नाही असे म्हणणे, या दोहोंतले अंतर त्या घटनेत स्पष्ट दिसते.

ज्यूरी गेली, तरी आपण सर्व जण पंच आहोतच. वर्तमानपत्र उघडताना, दूरचित्रवाणीसमोर बसताना, हातातल्या मोबाईलवर कोणाची तरी चित्रफीत पुढे पाठवताना आपण रोज ‘दोषी’, ‘निर्दोष’ असे कौल देत असतो; आणि कारणे आपल्यालाही कोणी विचारीत नाही. तेव्हा कौल देण्याआधी प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आरोपी माझ्या आवडीचा नसता, तर मी हेच म्हटले असते काय? ज्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर आपण निःशंकपणे ‘होय’ असे देऊ शकू, त्या दिवशी पाचामुखी परमेश्वर खरोखर बोलू लागेल.